सिंगापूरची नाइट सफारी: कोल्हापूरकरांनी वारंवार विचारलेले प्रश्न

सिंगापूरहून येऊन तीन आठवडे झाले, आणि गंगावेशीत दूधकट्ट्यावर पेला हातात घेतला की कोणतरी विचारतंयच, काय ओ, ते रात्रीचं जंगल बघून आलाय म्हणं? प्रत्येकाला पहिल्यापासनं सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय, इथनं पुढं कोण विचारलं की हे पाठवणार आणि मी गप दूध पिणार.

गेलो होतो आम्ही पाचजण. मी, बायको, सात वर्षांचं पोरगं, एक जुना दोस्त आणि आबा, म्हणजे माझे वडील, वय ७४, अर्धं आयुष्य राधानगरी तालुक्यात गेलेलं. सहावा तिथलाच, आमच्याच वर्गातला, पंधरा वर्षं झाली तिकडं नोकरीला, त्याच्याच घरी उतरलो होतो. खाली जिथं जिथं सिंगापूरवाला असं लिहिलंय तो हाच.

हे जंगल आहे का झू?

झू. पहिलंच सांगतो कारण अर्ध्या लोकांना वाटतंय ताडोबासारखं जिप्सीतनं जायचं आणि नशिबात असलं तर वाघ. तसलं काय नाही. बेटाच्या उत्तरेला मंडाई म्हणून भाग आहे, तिथं ३५ हेक्टर झाडीत, म्हणजे साधारण ८६ एकरात, हे प्राणीसंग्रहालय केलंय, फक्त ते दिवसा बंद आणि रात्री चालू. २६ मे १९९४ ला उघडलं, आणि रात्रीसाठीच म्हणून बांधलेलं हे जगातलं पहिलं. शेजारी त्यांचं दिवसाचं झू १९७३ पासनं आहेच. हिशेब साधा होता, उष्ण प्रदेशातली बरीचशी जनावरं रात्री हिंडतात, त्यामुळं दिवसा झूमध्ये गेलं की काय दिसतं, पाठ करून झोपलेला बिबट्या. मग जनावराला उठवण्यापेक्षा माणसांनाच रात्री बोलवा की.

कोल्हापुरातनं जायचं कसं?

आम्ही रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरून मुंबई, तिथनं साडेपाच तासांचं विमान. व्हिसा लागतोय, तो ऑनलाइनच असतो पण त्यांच्या अधिकृत एजंटमार्फत काढायला लागतो, आणि पोचायच्या तीन दिवसाच्या आत त्यांचं अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं, ते फुकट असतंय, त्याचे पैसे मागणारी साइट दिसली तर पळून या. घड्याळ अडीच तास पुढं करायचं.

शहरातनं सफारीला जायला लाल लाइनची मेट्रो धरून खातिब स्टेशनला उतरायचं, तिथनं पार्कची शटल बस आहे. आम्ही सहाजण होतो म्हणून जाताना टॅक्सीच केली.

किती वाजता जायचं? अंधार कधी पडतो तिथं?

सव्वासातला उघडतं, रात्री बाराला बंद. आणि हे सव्वासात बारा महिने सव्वासातच. आपल्याकडं जूनमध्ये सात वाजून गेले तरी रंकाळ्यावर उजेड असतोय आणि डिसेंबरात सहाला दिवे लावायला लागतात, तिथं ती भानगडच नाही, विषुववृत्ताच्या इतक्या जवळ आहे की वर्षभर सातच्या आगेमागेच सूर्य बुडतो. अंधार इतका वेळेवर येतोय म्हणूनच हा धंदा तिथं जमला असं माझं मत.

तिकीट ऑनलाइन काढायचं, त्यात आत जायची वेळ निवडायला लागते. सगळे पहिली वेळ घेतात, मग सव्वासातला दारात जोतिबाच्या यात्रेसारखी गर्दी. आमच्या सिंगापूरवाल्यानं अनुभवी माणूस म्हणून उशिराची काढली होती, त्यावर बायको कुरकुरली की पोरगं झोपंल, पण साडेनऊनंतर वाटा इतक्या मोकळ्या झाल्या की तिनंच नंतर त्याला शाबासकी दिली. पोरगं झोपलं नाही, दोस्त झोपला.

अंधारात दिसतं तरी काय?

सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न हाच, म्हणून इथं जरा सविस्तर.

दिवे आहेत, पण ते दिवे आहेत हे कळत नाही. झाडांच्या वरच्या अंगाला बसवलेत आणि उजेड चांदण्यासारखा, मंद, जरासा निळसर. सायमन कॉर्डर म्हणून एक इंग्रज माणूस आहे, मूळचा नाटकाची प्रकाशयोजना करणारा, त्यानं हे काम केलंय, आणि ते कळल्यावर मला पटलंच, कारण जनावरावर थेट झोत कुठंच नाही, नाटकात पात्र अंधारातनं हळूच पुढं येतं तसं हरीण पुढं येतं. आख्ख्या जागेची आखणी लिन डी अल्विस नावाच्या श्रीलंकेच्या माणसाची, हे कोलंबोजवळच्या देहिवाला झूचे संचालक होते.

आता मुद्द्याचं. आत गेल्या गेल्या तुम्हाला काहीच दिसणार नाही आणि तुम्ही म्हणणार पैसे गेले. आपल्या डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि या वीस मिनिटात एकदा जरी मोबाइल उघडून व्हॉट्सॲप बघितलं की मीटर परत शून्यावर. आम्ही चौघं दर दोन मिनिटाला मोबाइल काढत होतो. आबांकडं मोबाइल होता पण पिशवीत, आणि पिशवी घरी, सिंगापूरवाल्याच्या बायकोकडं. परिणाम काय तर पहिला अर्धा तास प्रत्येक जनावर पहिलं आबांना दिसायचं. "त्ये बग, डाव्या अंगाला, बुडख्याच्या मागं." आम्ही बघायचो तर नुसतं झुडूप. मग ते झुडूप कान हलवायचं.

त्यांनी एक युक्ती सांगितली ती लिहून ठेवा. अंधारात जी वस्तू बघायची तिच्याकडं सरळ बघायचं नाही, जरा बाजूला नजर ठेवायची, म्हणजे ती जास्त नीट दिसते. मला वाटलं म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी असंल, पण घरी येऊन वाचलं तर खरंच तसंय, डोळ्याच्या पडद्याच्या बरोबर मधोमध मंद उजेडात काम करणाऱ्या पेशीच नसतात, त्या कडेनं असतात. आबांना हे शेतात राखणीला बसून कळलं होतं, रानडुकरं यायची तेव्हा.

ट्रामनं फिरायचं का पायी?

दोन्ही, पण क्रम चुकवू नका.

ट्राम म्हणजे रूळ बिळ काय नाही, उघड्या बाजूंची, डोक्यावर छप्पर असलेली गाडी, रंकाळ्यावरच्या झुकझुक गाडीचा मोठा भाऊ समजा. चाळीसेक मिनिटात चक्कर होते. गेंडा, हत्ती, गीरचे सिंह, तरस, अस्वल, हिमालयातली ताहर असं सगळं मोठं सामान त्यातनं दिसतं. गज कुठंच दिसत नाहीत, सगळं कुंपण लपवलेलं, कुठं ओढा, कुठं झाडीमागं खोल चर, आणि रस्त्यात मधनंमधनं लोखंडी नळ्या आडव्या टाकल्यात, ज्यावर गाडी खडखडत जाते पण खूरवाली जनावरं पाय टाकायला भितात, त्यामुळं हरणं आपल्या हद्दीतच राहतात. टॅपिर म्हणून एक प्राणी आहे, पुढनं काळा मागनं पांढरा, जणू अर्ध्यावर चादर टाकलीय, तो ट्रामपासनं दोन हातांवर उभा होता आणि मधी काहीही दिसत नव्हतं. बायकोनं पाय आत घेतले.

पण ट्राम थांबत नाही. हळू होते, माहिती सांगणारा आवाज येतो इंग्लिशमध्ये, आणि तुम्हाला जनावर दिसेपर्यंत ती पुढं गेलेली असते. बहुतेक लोक ट्राम करतात, शो बघतात, बर्गर खातात आणि घरी जाऊन म्हणतात काय एवढं खास नाही. ती माणसं पायवाटेवर गेलेलीच नसतात. माझं स्पष्ट मत, ट्राम ही ट्रेलर आहे, पिक्चर पायवाटेवर आहे. बिबट्याची वाट, मासेमार मांजराची वाट अशी नावं आहेत, पाट्या आहेत, हरवत नाही कोण. आधी ट्राम करा, डोळे तयार होऊ देत, मग चाला, आणि चालायला किमान दीड तास ठेवा.

पायवाटेवर एवढं काय आहे?

एक सांगतो. बिबट्याच्या वाटेवर एक मोठा जाळीचा घुमट आहे, दोन दारं ओलांडून आत जायचं, आत उडत्या खारी मोकळ्या. आपण आत, त्या पण आत. आम्ही उभे राहिलो, काही नाही. पोरगं म्हणालं रिकामंय. आबा म्हणाले, गप उभं ऱ्हावा. दोनेक मिनिटं गेली असतील, वर फांदीवर काहीतरी खरवडल्यासारखा आवाज, मग एकदम आवाज बंद, आणि आमच्या डोक्यावरनं सुपाएवढं काहीतरी अजिबात आवाज न करता गेलं आणि समोरच्या खोडावर चापट मारल्यासारखं चिकटलं. उजेड होता तिथं, म्हणून नीट बघितलं. पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधी अंगाचंच कातडं, ताणलं होतं ते आता घडी पडून कुशीला गोळा झालेलं, शेपूट अंगाएवढी लांब, झुबकेदार, आणि डोळे काळे, मोठे, ओले. ती उडत नाही खरंतर, घसरते हवेतनं, वरच्या झाडावरनं खालच्या झाडावर, पंख मारून परत वर चढायची सोय नाही, वर जायचं तर खोडावरनं चढतच. आणि चढली पण लगेच, टुणटुण उड्या मारत. मग मागनं एक इंग्लिश बोलणारं कुटुंब आत आलं, त्यांच्यातल्या काकांनी मोबाइलची बॅटरी लावली आणि खेळ खलास.

बिबट्या काचेपलीकडं आहे, येरझाऱ्या घालत काचेला घासून जातो. मासेमार मांजर पाण्याच्या काठाला मांडी ठोकून बसलं होतं आणि पंधरा मिनिटं हललं नाही, सुलकूडच्या बंधाऱ्यावर गळ टाकून बसलेली माणसं आठवली.

तो भाताच्या वासाचा काय विषय?

हे दोस्तानं सगळ्यांना सांगून ठेवलंय आणि कोण विश्वास ठेवत नाही.

वाटेनं चालताना एके ठिकाणी आबा थांबले आणि म्हणाले, हितं कोण भात शिजवालंय? खरंच वास होता, नवा तांदूळ शिजताना येतो तसा, आजऱ्याच्या घनसाळाचं झाकण उघडल्यासारखा. रात्रीचे दहा, जंगलात, मला वाटलं आबांना भूक लागली आणि मला पण. तेवढ्यात सिंगापूरवाला हसत वर बोट दाखवायला लागला. फांदीवर काळं, केसाळ, मांजराचं तोंड आणि अस्वलाचं अंग असलेलं एक जनावर शेपटीनं फांदी धरून बसलं होतं. बिंटुराँग. आपल्या उदमांजराच्याच खानदानातला, थोरला.

वास त्याच्या मुताचा. हो. त्यात एक रसायन असतंय, टू-ॲसिटिल-वन-पायरोलिन, आणि हेच रसायन बासमतीच्या, आंबेमोहोराच्या वासात असतंय, पॉपकॉर्नमध्ये असतंय, आणि भातात टाकतात ती जी हिरवी लांब पानं कुंडीत लावतात त्यात पण. गोरे लोक म्हणतात बिंटुराँगला पॉपकॉर्नचा वास येतो, कारण त्यांना भाताचं काय कळतंय. आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, आता मला आठ दिवस भात जायचा न्हाई. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनदा घेतला.

म्हातारी माणसं, लहान पोरं घेऊन जायचं का?

बिनधास्त. वाटा सिमेंटच्या, जास्त चढ नाही, बसायला बाकडी आहेत. आबांचे गुडघे धड नाहीत तरी ते चालले, फक्त दम खात. पोरांना दुपारी झोपवून न्या. आणि पोरांना आधीच सांगून ठेवा की ओरडायचं नाही, हे आपल्या पोरांना जड जातं, मोठ्यांना त्याहून जड, कोल्हापुरी माणसाचं कुजबुजणं म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाचं बोलणं. आमचा दोस्त हळू आवाजात "लै भारी" म्हणाला तर पुढच्या तीन रांगांनी मागं वळून बघितलं.

फोटो?

फ्लॅश अजिबात चालत नाही, जनावरांच्या डोळ्यांना त्रास होतो. यात एक गुन्हा माझ्याच नावावर आहे ते कबूल करतो. मोबाइलमध्ये फ्लॅश बंद केला होता, पण पोरानं मधी घेऊन काहीतरी बोटं मारली आणि मी तरसाचा फोटो काढायला गेलो तर पांढराफटक उजेड पडला. ट्रामवरची बाई माइकवरनं नाव न घेता पण माझ्याकडंच बघत नियम परत वाचून दाखवायला लागली, आणि बायको बाहेर बघत बसली, माझ्याबरोबर नसल्यासारखी. फोटोत काय आलं, तर दोन हिरवे ठिपके. रात्रीच्या बऱ्याच जनावरांच्या डोळ्यात पडद्यामागं आरशासारखा थर असतो, आत आलेला उजेड तो परत फिरवतो म्हणून त्यांना कमी उजेडात दिसतं आणि आपल्याला त्यांचे डोळे चमकताना दिसतात. घाटात गाडीच्या लाइटमध्ये चमकतात तेच.

स्टेटसला टाकायला दारातल्या पाटीसमोर एक फोटो काढा आणि मोबाइल खिशात घाला.

शो बघायचा का?

क्रिचर्स ऑफ द नाइट नावाचा वीसेक मिनिटांचा आहे, जागा आधी ऑनलाइन धरायला लागते, पाऊस आला तर रद्द होतो. पोरं असतील तर बघा. नसतील तर तेवढ्या वेळात वाटा मोकळ्या असतात, चाला.

जेवणाचं काय?

आत महाग आहे. आम्ही संध्याकाळीच लिटल इंडियात जेवून गेलो, सेरंगून रोडला कोमला विलास आहे, १९४७ पासनचं शाकाहारी, तिथला डोसा खाऊन आबा खूश झाले. तांबडा-पांढरा कुठं मिळतो असं तिथं विचारू नका, दोस्तानं विचारलं, त्या वाढप्यानं शांतपणे सांबार आणि चटणीकडं बोट दाखवलं, रंगानं बरोबरच होतं.

मावा, तंबाखू नेली तर चालंल का?

नाही. खायच्या तंबाखूवर तिथं बंदी आहे, गुटखा पण त्यातच आला. साधं च्युइंगमसुद्धा विकत मिळत नाही, १९९२ पासनं. ज्यांनी हा प्रश्न खासगीत विचारला त्या चौघांनी आठ दिवस बडीशेपेवर काढावेत.

पाऊस, डास, कपडे?

रात्री पण गरम, घामट, गोव्यासारखं. सुती कपडे, बंद बूट किंवा घट्ट सँडल. पाऊस केव्हाही येतो आणि तासाभरात जातो, नोव्हेंबर ते जानेवारी जरा जास्तच. छत्री न्या, रेनकोट नको, रेनकोट चालताना सरसर वाजतो आणि सगळी जनावरं पळतात. ओडोमॉस आधी लावून जा.

परत येताना रात्री गाडी मिळते का?

मिळते, पण मेट्रो मध्यरात्रीच्या आसपास बंद होते आणि टॅक्सीला बारा वाजल्यापासनं मीटरवर ५० टक्के जादा. आम्ही बाराला पाच कमी असताना रांगेत होतो आणि बारा वाजून दहाला नंबर आला. सिंगापूरवाला बारीक तोंड करून म्हणाला, एवढं बिंटुराँगखाली उभं राहायला नको होतं.

ज्याच्या घरी उतरायचं त्याला कोल्हापुरातनं काय न्यायचं?

कांदा-लसूण चटणी, गूळ, चप्पल. चटणी तीन पिशव्यात बांधा आणि वरनं डबा, नुसत्या पिशवीत बांधली तर काय होतं हे माझ्या दोन पांढऱ्या शर्टांना विचारा. आता मी ते होळीला ठेवलेत. मांसाचं काही नेऊ नका, सुकं मटण बिटण, विमानतळावरच अडकाल.

जनावरं डांबून ठेवलेली बघून वाईट नाही वाटत?

वाटतं थोडं. बिबट्या काचेला घासून येरझाऱ्या घालत होता ते मी मघाशी गमतीनं लिहिलं, पण पाचव्या फेरीला गंमत वाटत नाही. आपण कोल्हापूरकरांनी याच्यावर लै बोलू पण नये, आपल्या संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळायचे, त्यांना सांभाळणारे चित्तेवान होते, आणि न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये पेंढा भरलेले वाघ बघतच आपण सगळे लहानाचे मोठे झालो. त्या वाघांपेक्षा मंडाईचा वाघ बरा आहे एवढं तरी म्हणता येतं. खवल्या मांजर मी ४३ वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा जितं तिथं बघितलं. आपल्या सह्याद्रीत ते आहे, पण खवल्यांसाठी मारून मारून दिसेनासं झालंय. आबांनी लहानपणी बघितलेलं, ते बराच वेळ तिथंच उभे होते.

आपल्या दाजीपूरला नाइट सफारी का करत नाहीत?

हा प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये दोन हॉटेलवाले पण आहेत, म्हणून नीट लिहितो.

एक तर ते झू आहे आणि हे अभयारण्य. राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटर, म्हणजे मंडाईच्या त्या पार्काच्या जवळजवळ हजारपट, करून बघा हिशेब. आधी संस्थानाचं शिकारीचं राखीव रान, १९५८ ला दाजीपूरचं गवा अभयारण्य झालं, नंतर वाढवलं, आणि २०१२ ला पश्चिम घाटाची जी ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली त्यात हे पण आहे. तिथं रात्रीचा प्रवेश नाही, आणि पावसाळ्यात तर पर्यटनच बंद. मंडाईच्या जनावरांना ट्रामची सवय आहे, खाणं ठरल्या वेळी ठरल्या जागी मिळतं म्हणून ती दिसतात. गव्याला आपण खाणं टाकलेलं नाही. रात्री पण तो चरत असतो, एकेक नर हजार किलोपर्यंत भरतो, त्याच्यासमोर दिवे लावून गाडी उभी केली तर एकतर तो चरणं सोडून जातो नाहीतर गाडीवर येतो. आणि गव्याला बायसन म्हणायचं पण बंद करा, बायसन अमेरिकेत आणि युरोपात असतात, हा गवा, रानातल्या बैलांमधला सगळ्यात मोठा.

शिवाय आपल्याला गव्याकडं जायला लागत नाही, तोच येतो. डिसेंबर २०२१ ला पंचगंगेच्या काठापर्यंत आले होते, तेव्हा बघायला गर्दी किती झाली आणि त्या गर्दीनं काय केलं ते आठवा. जवळच्या गावात एका तरण्या पोराचा जीव गेला त्यात. आबांचं म्हणणं सरळ आहे, गव्याच्या रात्रीत आपलं काम काय?

मग आता तो सिंगापूरवाला मित्र कोल्हापूरला आला तर त्याला रात्री काय दाखवणार?

येतोय तो जुलैमध्ये, बायको-पोरं घेऊन. आंबोलीला नेणार. आजऱ्यावरनं गेलं की शंभर-सव्वाशे किलोमीटर, पावसाळ्याच्या रात्री तिथं माहितगार माणसाबरोबर बॅटरी घेऊन हिंडता येतं, आणि तिथं बघायचं ते बोटाएवढं असतं. जांभ्या कातळावरच्या डबक्यात एक छोटा भेक आहे, आंबोली टोड, शास्त्रज्ञांनी २००९ ला त्याची नोंद केली, आणि जगात तो त्या आंबोलीच्या परिसरातच सापडतो. पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचा गोळा लटकलेला दिसला की ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं, पिल्लं त्यातनं थेट खालच्या पाण्यात पडतात. हा बेडूक पण त्या खारीसारखाच, बोटांमधलं कातडं पसरून हवेतनं घसरत येतो. हिरवा चापडा साप वेलीवर पडून असतो, विषारी आहे, हात लांब ठेवायचा आणि गमबूट घालायचे. बेडकाला हात लावून फोटो काढायचा नाही, रस्त्यावर गाडी हळू, कारण पावसात ते सगळे रस्त्यावरच असतात आणि शनिवारी रात्री किती चिरडलेले दिसतात ते बघवत नाही.

जुलैऐवजी मे अखेरीला आला असता तर राधानगरीकडं काजवे दाखवले असते, आख्खं झाड एकाच वेळी लुकलुकतं. पण त्याला सुट्टी कंपनी देईल तेव्हा. आबांनी आत्तापासनंच फोनवर सांगून ठेवलंय की मोबाइल घरी ठेवून यायचं.

एवढं सगळं लिहिलं, वाघ बघितला का ते सांगा.

बघितला. मलायाचा वाघ, ट्राम त्याच्या समोर हळू झाली, सगळ्यांनी श्वास धरला.

पाठ करून झोपला होता.